दोन खोल्या आणि टीव्हीखालचा पाट

मागच्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आई, तुला हल्ली टीव्हीचा आवाज पुरत नाही. सारखा मोठा करतेस. एक बारका साउंडबार घेऊ या का? आपल्या हॉलला बसेल, खिशाला परवडेल असा. कुठला घ्यायचा ते तूच सांग. धंदाच होता ना तुझा."

धंदा माझाच होता. मी लगेच उठले, हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि एक टाळी वाजवली. सून स्वयंपाकघरातून डोकावली. म्हटलं काही नाही गं, खोली ऐकतेय. तिने मुलाकडे बघितलं, मुलाने तिच्याकडे बघितलं. म्हातारीच्या कानांबरोबर आता बाकीचंही जायला लागलं असं दोघांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग मी विचारलं, "संध्याकाळी टीव्ही लावल्यावर कोण कुठे बसतं?" मुलगा म्हणाला, "याचा काय संबंध? तो दुकानदार किती वॅटचा हवा ते विचारत होता." दुकानदार तेच विचारणार. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. आवाजाचा विषय निघाला की माझ्या जिवाला घोर लागतो. या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी तुमच्या कामाविषयी लिहा म्हणून केव्हापासून भुणभुण लावली होती, म्हणून म्हटलं बसून लिहून टाकू. बसणं मला मुळात जमत नाही. माझी आई म्हणायची, या कार्टीच्या पायाला भिंगरी आहे. त्यामुळे हे लिखाण मी चारदा उठून चहा करत केलेलं आहे, सांभाळून घ्या.

मी वागळे इस्टेटमध्ये लाउडस्पीकरच्या एका कारखान्यात होते. आधी कॉईल गुंडाळायला, मग टेस्टिंगला. टेस्टिंगला कान लागत, बाकी काही नाही. तयार स्पीकर स्टँडवर लावायचा, एका यंत्रातून त्यात सूर सोडायचा, जाड घरघरीपासून बारीक शिटीपर्यंत चढवत न्यायचा आणि मधे कुठे खरखर येते का ते ऐकायचं. खरखर आली म्हणजे आतली कॉईल घासतेय. काढ बाजूला. आम्ही बायका डबा खातानासुद्धा पंख्याकडे बघून "घासतोय गं" म्हणायचो. ही सवय लागली की लागली. कुणाच्या लग्नात जा, सनईच्या आधी मला मांडवातल्या कर्ण्याची खरखर ऐकू यायची आणि अक्षता टाकायच्या राहून जायच्या.

आणि असा कान घेऊन मी घरी कुठे यायचे, तर कल्याणला, एका खोलीत. मधे प्लायवूडचं पार्टिशन, तेही छतापर्यंत पोचलेलं नाही. अलीकडे सासू-सासरे, पलीकडे आम्ही दोघं. जेवणं उरकून आम्ही आत गेलो रे गेलो की सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रेडिओ लावायचे. भला मोठा, लाकडी पेटीतला, आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं. काय लागलंय याच्याशी देणंघेणं नाही. भाताच्या रोपांवरची कीड, कांद्याचे बाजारभाव, कुठल्या तरी तालुक्यातल्या शेळीपालनाची चर्चा. आणि तो रेडिओ घासत होता. पार्टिशन थरथरायचं. मी उशी कानावर दाबून नवऱ्याला म्हणायचे, "अहो, सांगा ना त्यांना." माझा नवरा मधुकर, फार शांत माणूस, म्हणायचा, "जाऊ दे गं. म्हातारा माणूस."

मी ते मनाला लावून घेतलं. सून दिवसभर कानांचं काम करून येते, तिचं डोकं उठतं, याची या माणसाला पर्वा नाही. कारखान्यात मैत्रिणींना सांगताना मी अण्णांची नक्कल करायचे, बटण फिरवतानाची. अण्णा गेले तोपर्यंत हा राग माझ्या पोटात होता, आणि ते गेल्यावरही तो गेला नाही. त्यांचा रेडिओ आम्ही डोंबिवलीला आलो तेव्हा सामानाबरोबर आला आणि माळ्यावर गेला. मी त्याच्याकडे वर बघायचेसुद्धा नाही.

कारखान्यात संप लांबला तेव्हा मी आणि मधुकरने डोंबिवली पूर्वेला, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक गाळा घेतला. तो जोडणी करायचा, वायरींना कथलाचे डाग मारायचा. मी ऐकायचे आणि विकायचे. बाई स्पीकर विकते म्हणून सुरुवातीला लोक नुसतेच बघायला यायचे. "घरात पुरुष माणूस नाही का?" असं विचारणाऱ्याला मी मधुकर दाखवायचे, डोकं खाली घालून बसलेला, आणि म्हणायचे, हे आहेत, पण ते बोलत नाहीत.

आमचा माल म्हणजे एक आडवी पेटी. तेव्हा घरोघरी टीव्ही आलेले, पण त्यांचा स्पीकर एवढासा, आणि तोही कडेला तोंड करून. चित्र समोर आणि आवाज भिंतीकडे. लोकांना वाटायचं आवाज कमी आहे, म्हणून ते वाढवत राहायचे. आवाज कमी नसतोच, शब्द कळत नसतात. आम्ही प्लायवूडची लांबट, बसकी पेटी करायचो, शीळफाट्याच्या बाजूने माल आणून. तिच्यात दोन लहान स्पीकर, मधे छोटा अँप्लिफायर, पुढे कापड. टीव्हीच्या मागे इअरफोनचं भोक असायचं, तिथून वायर घ्यायची आणि पेटी टीव्हीखाली ठेवायची. दिसायला अगदी जेवायला बसायच्या पाटासारखी. म्हणून गिऱ्हाइकं दुकानात येऊन म्हणायची, "तो टीव्हीखालचा पाट मिळतो तो इथेच ना?" आज मुलगा ज्याला साउंडबार म्हणतोय तो हाच. त्याने हे ऐकून घेतलं आणि हो हो म्हणाला.

लहान खोलीसाठी पाट निवडायचा कसा, हे मी तेव्हा सांगायचे तेच आजही सांगेन. मोठा घेऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत ढमढम आवाज मावत नाही, तो भिंतीतून शेजाऱ्याकडे जातो आणि बोलणं इथेच बुडतं. पेटी शोकेसच्या आत ढकलू नका, कडेला आणून ठेवा. शेजारच्या सामाईक भिंतीला टेकवू नका. खाली जुन्या स्लीपरचे चार तुकडे कापून लावा, म्हणजे लाकडातून घरघर जाणार नाही. आणि कृपा करून वर क्रोशाचा रुमाल घालू नका. एक बाई तीनदा तक्रार घेऊन आल्या, आवाज दबलाय म्हणून. घरी जाऊन बघते तर पेटीला पुढून-मागून विणलेलं झबलं, वर गुलाबी लेस. म्हटलं, अहो, तिला श्वास तर घेऊ द्या. त्या म्हणाल्या, धूळ बसते ना.

म्हणून मी नियम केला होता. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, खोलीत टाळी वाजवायची आणि विचारायचं, कोण कुठे बसतं. टाळीने कळतं की खोली कोरडी आहे की घुमते, शोकेसच्या काचा कुठे वाजतात. दुसऱ्याने कळतं की आवाज कुणाला हवाय आणि कुणाला नकोय. सगळ्यांनाच बारीक आवाज हवा असतो असंही नाही. खाडीकडच्या कोळीवाड्यातले एक दादा आले होते, ते पाट ऐकून म्हणाले, "बाय, आमचे घरान सगली जोरान बोलतान. टीवी हलू बोलला त कोन आयकल?" त्यांना मी मोठे कर्णे असलेल्या माणसाचा पत्ता दिला. ते पुढे आठवण ठेवून मला जवळा पाठवायचे.

आता कर्णिकांचं सांगते, कारण मला खरं ते सांगायचंय आणि मघापासून मी आजूबाजूलाच घुटमळतेय.

कर्णिककाकू दुकानात आल्या त्या गणपती होऊन गेल्यावर. पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "सुलभा तूच ना? हे बघ, टीव्हीवरून माझं घर फुटायला आलंय."

काकूंचं घर जवळच, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. घरात त्या, ऑफिसातून निवृत्त झालेले काका, मुलगा अजित, सून मनीषा आणि त्यांची तान्ही मुलगी. काकांना ऐकू येईनासं झालं होतं. संध्याकाळ झाली की टीव्ही असा मोठा लावत की खालच्या वाण्याला बातम्या कळत. बाळ दचकून उठे, मनीषा धुसफुसे, अजित एमआयडीसीतल्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला, तो आरडाओरडा करे. कानाचं यंत्र घ्या म्हटलं तर काका उठून गॅलरीत जात. शेवटी अजितने बदलापूरला जागा बघितली. दसऱ्याला टोकन द्यायचं ठरलं होतं.

"जाऊ देत, सुखात राहू देत," काकू म्हणाल्या, "पण अगं, पोर आत्ता कुठे मला बघून हसायला लागलीय." मग त्यांनी पदराने चष्मा पुसला. "असा पाट दे की ह्यांना ऐकू जाईल आणि बाळ झोपेल. दसऱ्याच्या आत दे."

मी म्हटलं, एवढंच ना. आजवर असे कितीतरी म्हातारे मी शांत केलेले. मला वाटलं, डाव्या हाताचा मळ आहे.

दुसऱ्या दिवशी गेले. टाळी वाजवली. बाहेरची खोली चांगली होती, दिवाण, पुस्तकं, पडदे, आवाज धरून ठेवणारी. खिडकीखाली काकांची वेताची खुर्ची, समोरच्या भिंतीला शोकेसवर टीव्ही, आणि टीव्हीच्या बाजूलाच, ओटा आणि अजित-मनीषाचा पलंग असलेल्या आतल्या खोलीचं दार. म्हणजे चौकट. दार नव्हतंच, पडदा होता. काकू म्हणाल्या, अजितच्या लग्नात दिवाण घेतला तर दार उघडेना, म्हणून काढून माळ्यावर टाकलं. डोंबिवलीत त्या वेळी निम्म्या घरांची दारं माळ्यावर असायची. त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

मी पाट बसवला. आवाज निम्म्यावर आणला तरी शब्द न् शब्द खणखणीत. आत बाळ ढिम्म हललं नाही. काकूंनी मला साखर दिली हातावर. मनीषा पडद्यातून बाहेर येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही आधी का नाही भेटलात?" काका तेवढे खुर्चीत बसून होते, पाटाकडे बघत, नको तेव्हा पाहुणा आल्यासारखे. म्हटलं, "काका, ऐकू येतंय ना?" ते म्हणाले, "अंमळ कमी आहे." आणि उठून त्यांनी बटण वर नेलं.

चार दिवसांत काकू परत हजर. परत मोठा. मी पेटी बदलली, शब्द आणखी उठून दिसतील अशी. परत मोठा. मग मी पाट टीव्हीखालून काढला आणि वायर लांबवून थेट काकांच्या खुर्चीशी, खिडकीच्या कट्ट्यावर त्यांच्या कानाजवळ ठेवला. ही माझी शेवटची मात्रा. कानाशी असलेला आवाज त्या माणसाला भरपूर ऐकू येतो आणि लांबच्याला कमी. काकूंनी त्यांना देवाची शपथ घातली की आता बटणाला हात लावायचा नाही. काका गप्प बसले. टीव्ही शांत झाला. काकू म्हणाल्या, जमलं गं. पण काका काही ऐकत नव्हते. टीव्ही कानाशी बोलत होता आणि हा माणूस दाराच्या पडद्याकडे बघत होता, नजर सारखी तिकडे. मी घरी आले आणि मला जेवण जाईना. मधुकर म्हणाला, "पेटी चांगली आहे." म्हटलं, पेटी चांगली आहे हेच तर मला छळतंय.

मला राहवेना. दसरा आठवड्यावर आला होता. एका दुपारी मी कारखान्यातलं तसलंच सूर सोडायचं लहान यंत्र पिशवीत घातलं आणि कुणी न बोलावता त्यांच्याकडे गेले. काकू भजनीमंडळात, मनीषा दवाखान्यात, अजित कामावर. काका एकटे, बाळ आत झोपलेलं. म्हटलं, पेटी तपासून जाते. त्यांनी पेपरातून मान वर न करता हात हलवला.

मी पाट दिवाणावर घेतला, काकांकडे पाठ करून बसले आणि सूर सोडला. बाळ उठेल म्हणून अगदी हळू. एवढा हळू की मीच कान लावून ऐकत होते. जाडापासून चढवत नेला. सगळं साफ. दुसऱ्यांदा नेत होते तेवढ्यात मागून काका म्हणाले, "उजवीकडून बारीक खर्र येतंय."

मी उजव्या स्पीकरला कान चिकटवला. घासत होता. केसाएवढा.

मी यंत्र बंद केलं. मागे वळले. काकांनी पेपर खाली ठेवला होता आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, चोरी पकडलेल्या शाळकरी मुलासारखा झाला होता.

"काका, तुम्हाला ऐकू येतं."

"येतं."

"मग हे काय लावलंय? त्या काकू रडतायत. पोरं घर सोडून चाललीत." माझा आवाज चढला. मला खरंच संताप आला होता. माझ्या तीन फेऱ्या, माझ्या पेट्या, सगळं डोळ्यांसमोर आलं.

"हळू," ते म्हणाले आणि त्यांनी आत बघितलं. बाळ झोपलेलं होतं. मग ते खुर्ची माझ्याकडे ओढून बसले. "सुलभाबाई, तो पडदा बघितलात? दार माळ्यावर आहे. अजित शिफ्टवरून येतो. दोघांना बोलायचं असतं. नवीन संसार आहे, भांडायचंही असतं. तिला कधी आईच्या आठवणीने रडायचं असतं. आणि आम्ही दोघं इथे बसलेलो, सहा फुटांवर. कान तर बंद करता येत नाहीत. सुरुवातीला ती दोघं कुजबुजायची. नंतर कुजबुजायचीही बंद झाली. घरात चोवीस तास नुसता भांड्यांचा आवाज. मग एक दिवस मी टीव्ही मोठा लावला, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. लग्नानंतर पहिल्यांदा."

मी यंत्राची वायर गुंडाळायला लागले.

"म्हटलं, बहिरा झालो तर बरंच आहे. बहिऱ्यासमोर माणूस मोकळं बोलतो."

"मग सांगा ना त्यांना तसं. तुमच्यासाठी करतोय म्हणून."

"हे सांगायचं असतं का?" काका म्हणाले. "सांगितलं की त्यांना कळेल ना, आधी आम्हाला सगळं ऐकू येत होतं ते. मग ती पोर माझ्यापुढे मान वर करून उभी राहील का? आणि हिला सांगितलं तर ही दुसऱ्या मिनिटाला सुनेला सांगेल. तोंडात तीळ भिजत नाही हिच्या." मग पेपराची घडी घालत म्हणाले, "मी त्यांनी राहावं म्हणून मोठा लावला. ती त्याच्यामुळेच चाललीत. मला काही सुचत नाही. तुम्हाला काही सुचलं तर करा, पण हे कुठे बोलू नका."

मी शब्द दिला आणि घरी आले. आवाज मोठा केला तर बाळासाठी जाणार, लहान केला तर जीव गुदमरून जाणार. इतकी वर्षं मी लोकांना विचारत होते कोण कुठे बसतं, आणि या घरात आत कोण बसतं हे मी विचारलंच नव्हतं. दोन दिवस मी दुकानात येरझाऱ्या घातल्या. मधुकर म्हणाला, बस जरा. मी त्याच्यावर खेकसले.

तिसऱ्या दिवशी मनीषाच आली. बाळ कडेवर, चेहरा उतरलेला. "ताई, तुमचा पाट फार छान आहे," ती म्हणाली, "पण तो परत घ्याल का?"

"का गं? आवाज मोठा होतोय?"

"नाही. फार शांत आहे." ती काउंटरच्या कडेला नखाने ओरखडत बसली. मग एकदम बोलली, "आधी आवाजाने मी वैतागायची. बाळ उठायचं. पण आता घरात इतकं शांत असतं ना ताई, की आम्हाला दोघांना आत बोलताच येत नाही. सगळं बाहेर जातं. काल आम्ही पेपराच्या कडेला पेन्सिलने लिहून भांडलो. अजित म्हणाला, हे काय आयुष्य आहे, त्यापेक्षा बदलापूर बरं. मला जायचं नाहीये ताई. आई-बाबा चांगले आहेत. पण करू काय?"

तिचे डोळे भरले होते. माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर आलं होतं. मी गिळलं. आणि गिळताना सुचलं.

म्हटलं, "तुला आत एक पेटी देते. स्वतःची. बटण तुझ्या हातात."

"आतसुद्धा टीव्हीचा आवाज?"

"तोच आवाज, दुसऱ्या पेटीतून. ती पलंगाशी नाही ठेवायची. दाराच्या चौकटीवर लावायची, पडद्याकडे तोंड करून. बाळाला पाठ. बोलायचं असलं की तू वाढव. जे काही आहे ते पडद्याशीच अडेल, बाहेर फक्त टीव्ही जाईल. बाळाचं म्हणशील तर बाळ उठतं ते एकदम वाढलेल्या आवाजाने. हळूहळू वाढव, झोपेल ते."

तिने माझ्याकडे बघितलं. "बाबांना काय सांगायचं?"

"सांग, स्वयंपाक करताना मालिका चुकते. ते काही विचारणार नाहीत."

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि मधुकर जाऊन ती पेटी बसवून आलो. एकच स्पीकर, वितीएवढा डबा, त्याला वेगळं बटण. अजित स्टुलावर उभा राहून खिळे ठोकत होता आणि म्हणत होता, उगीच खर्च, आम्ही तर जाणारच आहोत. काकू चहा घेऊन बाहेर आल्या. काका खुर्चीत. सगळं झाल्यावर मनीषा आत गेली, अजितला तिने हाक मारली, पडदा पडला. आणि आतून आवाज हळूहळू वर चढायला लागला. बातम्या चालल्या होत्या. पडद्याशी नुसत्या बातम्या, मागचं काही कळेना. मी टेस्टिंगचा कान लावून बघितला, कळेना.

काकांनी कानाजवळच्या पाटाचं बटण खाली खाली आणत बंद केलं. काकूंना म्हणाले, "चल गं, गॅलरीत बसू जरा. हवा चांगली आहे." काकू म्हणाल्या, "अहो, पण बातम्या?" काका म्हणाले, "मला इथून ऐकू येतं." आणि माझ्याकडे बघून अगदी किंचित हसले.

दसऱ्याला टोकन दिलं गेलं नाही. दिवाळीलाही नाही. पुढे वेगळ्याच कारणाने काही वर्षांनी ती दोघं ठाण्याला राहायला गेली, तेव्हा काका-काकूंना घेऊन गेली. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी मी जिना उतरत होते तेव्हा मनीषा मागून धावत आली. मधुकर पुढे गेला होता. ती कठड्याला धरून हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? बाबांना कळू देऊ नका. त्यांना ऐकू येतं. बाळ कुशीवर वळलं तरी माझ्या आधी ते उठून बसतात. मला या आठवड्यात कळलं, एवढं शांत झालं तेव्हा." मग म्हणाली, "मी अजितलासुद्धा सांगितलं नाही. हे सांगायचं कसं?" आणि वर पळाली.

घरी येईपर्यंत मी मधुकरला सगळं सांगून टाकलं. शब्द दिला होता, पण नवऱ्याला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, तो भिंतीसारखा माणूस. मी हात हलवून हलवून बोलत होते. काय माणूस आहे बघा, जगाच्या शिव्या खाल्ल्या, स्वतःच्या बायकोच्या खाल्ल्या, बहिरा म्हणवून घेतलं, पण बोलला नाही. असे सासरे मिळायला नशीब लागतं म्हटलं. नाहीतर आमचे.

मधुकर चपला काढत होता. काढता काढता म्हणाला, "अण्णांना कांद्याचे भाव कशाला लागत होते गं? आपली शेती कुठे होती?"

मी दारातच उभी राहिले. 

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्न झालं त्या आठवड्यापासून. बातम्यांना ते आवाज लहान करायचे, तुला आठवत नाही? आपण आत गेलो की मोठा. काय लागलंय ते बघतसुद्धा नसत."

"मग मला का नाही सांगितलंत? मी इतकी वर्षं त्या माणसाला... उशी कानावर घेऊन..."

"काय सांगणार?" तो म्हणाला. "तू लाजून माहेरी गेली असतीस."

मी खुर्ची घेतली आणि माळ्यावरून रेडिओ काढला. मधुकरने खालून धरला. धूळ पुसली, दोघांनी मिळून दुरुस्त केला, वाल्व्ह शोधायला फार हिंडावं लागलं. लागला तेव्हा तो घासत होता. कॉईल बदलायला मधुकरने डागणी हातात घेतली तर मी म्हटलं, राहू दे. आणि मग मी रडले. अण्णांसाठी मी त्याआधी कधी रडले नव्हते.

मधुकर आता नाही. मी ठाण्याला मुलाकडे असते. वन बीएचके, दार आहे, पण नातवाची झोप झाली की तो आईला शोधत बाहेर येतो म्हणून ते उघडंच ठेवतात. मी हॉलमध्ये झोपते. सून माहेरी फोन करते, मुलाचं ऑफिसात काहीतरी बिनसलेलं असतं, दोघांचं रात्रीच्या जेवणानंतर काय काय चालतं. शब्द न् शब्द येतो. वागळे इस्टेटचे कान आहेत, कुठे जाणार.

त्या टाळीनंतर मुलाने परत विचारलं. "सांग ना आई, कुठला घेऊ? आणि एकदा तुझे कान तपासून घेऊ या का?"

मी म्हटलं, "तपासू सावकाश. साउंडबार लहानच घे, स्वस्तातला चालेल. रिमोट तेवढा माझ्याकडे दे."